पाणथळीतले लव्हाळे, मोथे, पाणकणीस आणि बुलरश ओळखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत विचारले जातात, बहुतेक वेळा सोबत एक फोटो असतो आणि त्या फोटोत लांबून दिसणारी हिरवी पाती सोडून दुसरं काहीच नसतं. त्यावरून सांगणं अवघड जातं आणि समोरच्याची मेहनत वाया जाते याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. वनस्पतीशास्त्र शिकलेलं नसलं तरी चालेल, डोळे आणि बोटं हवीत, आणि थोडा धीर.

हे सगळं गवतच ना शेवटी?

नाही. दिसतं गवतासारखं, पण पाण्याच्या काठाला जी लांब हिरवी पाती दिसतात त्यात निदान चार वेगवेगळी कुळं असतात. एक खरं गवताचं कुळ, त्यात नळ म्हणजे फ्रॅगमायटिस वगैरे येतात. दुसरं मोथ्याचं कुळ, सायपरेसी, सगळे लव्हाळे यातले, आणि जगभरात याच्या साधारण साडेपाच हजार प्रजाती आहेत. तिसरं जंकसचं कुळ, ज्यांना इंग्रजीत रश म्हणतात, आणि चौथं पाणकणसाचं. बाहेरून सारखी दिसतात कारण सगळ्यांनाच चिखलात उभं राहायचंय, वाऱ्यात वाकायचंय आणि मुळांपर्यंत हवा पोचवायचीय, बाकी फुलं-फळं बघितली की एकमेकांशी काही साम्य राहत नाही.

गवत आणि लव्हाळा वेगळे करायला आधी देठ अंगठा आणि बोटाच्या मधे धरून फिरवून बघा. लव्हाळ्याचा देठ बऱ्याचदा तीनधारी असतो, बोटाला कडा लागतात, आणि आतून भरीव असतो. गवताचा देठ गोल, मधे मधे गाठी म्हणजे पेरं, आणि दोन पेरांच्या मधे बहुधा पोकळ. मग वरून खाली बघा, गवताची पानं दोन बाजूंना निघतात, लव्हाळ्याची तीन बाजूंना. पानाचा जो भाग देठाला गुंडाळलेला असतो तो गवतात बहुतेक वेळा एका बाजूने उघडा असतो, नखाने सोडवता येतो, लव्हाळ्यात ती बंद नळी असते आणि सोडवायला गेलात तर फाटते. ही शेवटची खूण मला सगळ्यात आवडते कारण फुलं नसतानाही चालते.

देठ त्रिकोणी म्हणजे लव्हाळा आणि गोल म्हणजे लव्हाळा नाही, एवढं लक्षात ठेवलं तर चालेल का?

अर्धंच चालेल. त्रिकोणी भरीव देठ असेल तर ते लव्हाळ्याच्या कुळातलं असण्याची शक्यता खूपच जास्त आहे, हे ठीक. पण उलटं धरून चालू नका. एलिओकॅरिसच्या बहुतेक प्रजातींचा देठ गोल असतो. शोनोप्लेक्टसमधे जे उंच, खोल पाण्यात वाढणारे आहेत त्यांचाही देठ गुळगुळीत गोल. हे सगळे पक्के लव्हाळ्याच्या कुळातले, आणि फक्त देठावर निकाल लावणारे लोक यांना जंकस म्हणून मोकळे होतात.

देठ हा फक्त पहिला प्रश्न आहे. शेवटचं उत्तर फुलात आणि फळात असतं. गवताचं प्रत्येक फूल दोन खवल्यांच्या मधे बंद असतं. लव्हाळ्याच्या प्रत्येक फुलाखाली एकच खवला असतो, त्याला तुष म्हणतात, आणि त्यातून एकच कडक बी निघतं, म्हणजे शास्त्रानुसार ते फळ असतं पण हातात घेतल्यावर बीच वाटतं. जंकसचं फूल मात्र खरंखुरं फुलासारखं, सहा छोट्या पाकळ्या, तीन आत तीन बाहेर, आणि मधे बोंड, ज्यात बारीक बारीक पुष्कळ बिया. ही तीन वाक्यं कुठेतरी लिहून ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी यावर काम भागतं.

बुलरश म्हणजे नक्की कोणतं झाड?

याचं एक उत्तर नाहीये आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ब्रिटनमधे आज बहुतेक लोक बुलरश म्हणतात ते टायफाला, म्हणजे आपलं पाणकणीस, तपकिरी जाड कणसाचं. अमेरिकेत त्याच टायफाला कॅटटेल म्हणतात आणि बुलरश हे नाव शोनोप्लेक्टस आणि त्याच्या भाईबंदांसाठी वापरतात. टिटिकाका सरोवरात उरू लोक ज्याच्यापासून तरंगती बेटं आणि नावा बांधतात तो तोतोरा हा शोनोप्लेक्टस आहे, आणि जुन्या इजिप्तमधे ज्याच्या देठाचा कागद करायचे तो पपायरस हा सायपरस, तरी दोघांनाही इंग्रजीत कुठे ना कुठे बुलरश म्हटलेलं सापडतं.

मराठीतही तेच. लव्हाळा म्हणून कोणी नागरमोथा दाखवतं, कोणी काठावरची कुठलीही उभी काडी दाखवतं. त्यामुळे बोलताना काहीही म्हणा, पण नोंद करताना शास्त्रीय नाव लिहा.

जुन्या पुस्तकात स्किर्पस लिहिलंय, नव्यात शोनोप्लेक्टस. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली स्किर्पस हे नाव वापरलं तेव्हा त्यात बऱ्याच वेगवेगळ्या वनस्पती एकत्र होत्या. पुढे फळं, खवले आणि नंतर डीएनए तपासत गेले तसतसं ते मोठं घर वाटलं गेलं. स्किर्पस लॅकुस्ट्रिस आता शोनोप्लेक्टस लॅकुस्ट्रिस झालाय, स्किर्पस मॅरिटिमस आता बोल्बोशोनस मॅरिटिमस. प्रजातीचं दुसरं नाव बहुतेक वेळा तेच राहतं म्हणून शोधताना दुसऱ्या नावावर लक्ष ठेवा, पटकन सापडतं. उलट दिशेनेही झालंय बरं का, कायलिंगा नावाचा छोटा गोल डोक्याचा लव्हाळा पूर्वी वेगळा धरायचे, आता बरेच जण त्याला सायपरसमधेच घालतात.

पाणकणीस तर सगळ्यांना येतं ओळखता, त्यात काय विचारायचं?

कणीस आलेलं असेल तर हो. पण त्याच्या प्रजाती एकापेक्षा जास्त आहेत आणि तिथे लोक थांबतच नाहीत, सरळ रुंद पानाचं किंवा अरुंद पानाचं असं लिहून टाकतात. कणसात दोन भाग असतात, वरचा नर, खालचा मादी. जाड तपकिरी भाग मादीचा, वरचा बारीक भाग पराग उडून गेले की गळून काडी उरते. टायफा लॅटिफोलियात हे दोन भाग एकमेकांना टेकलेले असतात, टायफा अँगुस्टिफोलियात मधे उघड्या देठाचा तुकडा दिसतो, बऱ्याचदा काही सेंटीमीटर. पानं पहिल्यात साधारण 1 ते 2 सेंटीमीटर रुंद, दुसऱ्यात बहुतेक 1 सेंटीमीटरच्या आत.

पण नुसती फट दिसली म्हणून अँगुस्टिफोलिया लिहू नका, कारण उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलेल्या टायफा डोमिंजेन्सिसमधेही फट असते, आणि त्याचं मादी कणीस जास्त फिकट, दालचिनीच्या रंगाकडे झुकणारं असतं. त्यात लॅटिफोलिया आणि अँगुस्टिफोलिया यांचा संकरही होतो, तो मधलाच दिसतो आणि बऱ्याचदा आईबापांपेक्षा जोमाने वाढतो. ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे त्यांनी परागकण बघावेत, लॅटिफोलियाचे चार चार चिकटलेले असतात, अँगुस्टिफोलियाचे सुटे. मी पहिल्यांदा ते चौकडे बघितले तेव्हा कितीतरी वेळ स्लाइडवरून डोळा हटवला नव्हता.

कणीस नसेल तर? नुसती पानं आहेत.

मग पान बुडाशी कापा. पाणकणसाचं पान बुडाजवळ जाड, स्पंजासारखं, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगलेलं असतं, कापलेल्या तोंडाला हवेच्या कप्प्यांची जाळी स्पष्ट दिसते. वेखंड असेल तर पान चुरगळल्यावर लगेच उग्र गोडसर वास येतो आणि मधली शीर बरोबर मधे नसून एका बाजूला सरकलेली असते. आयरिसची पानं पंख्यासारखी एकाच पातळीत चपटी बसलेली असतात. स्पार्गेनियमच्या पानाला पाठीवर कणा असतो, कापलं तर त्रिकोण दिसतो. नळ असेल तर देठाला पेरं असतात आणि पान जिथे देठाला मिळतं तिथे बारीक केसांची झालर असते.

हिरवी काडी आहे, पानं दिसत नाहीत आणि फुलं काडीच्या बाजूला फुटलीत. शोनोप्लेक्टस की जंकस?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मी स्वतः सुरुवातीला पुष्कळ दिवस जंकसलाच शोनोप्लेक्टस लिहीत होते, कारण दोघांचं सोंग एकच आहे. खरं तर फुलं बाजूला नसतातच, ती देठाच्या टोकालाच असतात, पण त्यांच्या खालचं एक पान देठाच्याच रेषेत सरळ वर वाढतं आणि देठ पुढे चालू आहे असं वाटतं. जंकस इफ्युससमधे हे असंच आणि शोनोप्लेक्टसमधेही असंच.

मग काय करायचं, एक काडी घ्या आणि ब्लेडने आडवी कापा, तिरकी नको, अगदी आडवी, आणि उजेडाकडे धरा. जंकस इफ्युससमधे आत पांढराशुभ्र मऊ गर अखंड भरलेला दिसतो, साल सोलली तर तो गर लांब दोरीसारखा बाहेर येतो, पूर्वी युरोपात तो चरबीत बुडवून दिव्यासारखा जाळायचे. उंच गोल देठाच्या शोनोप्लेक्टसमधे मोठमोठे हवेचे कप्पे दिसतात, मधे पातळ भिंती, जणू मधाच्या पोळ्याचा तुकडा कापलाय. पण कापून झालं तरी फूल बघितल्याशिवाय नाव लिहू नका. शोनोप्लेक्टसमधे एकावर एक खवले बसवल्यासारखी तपकिरी कणिशिका, म्हणजे फुलांचं छोटंसं कणीस, असते, एकेक खवला नखाने उचलला की खाली एक फळ आणि बहुतेकदा त्याच्याभोवती काही खरखरीत केस. जंकसमधे सहा पाकळ्यांची चांदणी आणि मधे बोंड. ज्याने हे एकदा लेन्समधून बघितलं त्याची पुन्हा चूक होत नाही.

पुढे शोनोप्लेक्टसमधली प्रजाती हवी असेल तर कुक्षी, म्हणजे फुलातून बाहेर आलेले पराग धरणारे बारीक धागे, मोजा आणि खवल्याची पाठ बघा. लॅकुस्ट्रिसमधे कुक्षी बहुधा तीन आणि खवला गुळगुळीत, टॅबर्नेमॉन्टानीमधे कुक्षी दोन आणि खवल्यावर लालसर-तपकिरी बारीक पुटकुळ्या. अमेरिकेतल्या ॲक्युटस आणि टॅबर्नेमॉन्टानीत तर देठ चिमटीत दाबूनही अंदाज येतो, पहिला टणक, कप्पे लहान, दुसरा पटकन दबतो, कप्पे मोठे.

देठ त्रिकोणी आहे, पानं पण आहेत, तपकिरी जाड कणिशिका आहेत. हा सायपरस का?

जाड, अंड्यासारख्या, 1 सेंटीमीटरपेक्षा लांब कणिशिका असतील तर बोल्बोशोनस असण्याची शक्यता जास्त. त्याच्या देठावर पानं वरपर्यंत असतात, नुसती बुडाशी नाही. खवल्याच्या टोकाला खाच असते आणि खाचेतून एक छोटं कुसळ बाहेर येतं, आणि चिखलात हात घातला तर कडक गाठी लागतात, नावातला बोल्बो म्हणजे तोच कंद. मॅरिटिमस हा खाऱ्या-निमखाऱ्या पाण्याच्या काठाला भरपूर असतो.

सायपरसमधे बहुतेक वेळा कणिशिका चपटी असते, खवले दोन रांगांत समोरासमोर बसलेले, वेणी घातल्यासारखे. फुलोऱ्याच्या खाली लांब पानांचा घेर, त्यातून काड्या छत्रीसारख्या पसरलेल्या. लांबून छत्री दिसली तर आधी सायपरस मनात आणायचा, मग जवळ जाऊन रांगा बघायच्या. खवले दोन रांगांत नसून गोल फिरत गेलेले असतील तर दुसरीकडे वळा.

दुसरीकडे म्हणजे कुठे?

दोन नावं आधी शिका. एलिओकॅरिस: पानं नाहीतच, फक्त हिरव्या काड्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एकच कणिशिका, काडेपेटीच्या काडीसारखी, खाली लांब पान वगैरे काही नाही. फळाच्या डोक्यावर एक छोटी टोपी असते, लेन्समधून बघा, तिच्या आकारावरून प्रजाती ठरतात. एलिओकॅरिस डल्सिसच्या काडीत आडवे पडदे असतात, बोटाने दाबत गेलात की टप टप जाणवतात.

फिम्ब्रिस्टायलिस: बारीक पानं, तपकिरी कणिशिका, खवले बहुतेक गोल फिरत गेलेले, फळाभोवती केस नाहीत आणि फळाच्या डोक्यावर टोपी शिल्लक राहत नाही. तशाच दिसणाऱ्या बल्बोस्टायलिसमधे एक बारीक बटण उरतं.

एरिओफोरमही याच कुळातलं, थंड प्रदेशातल्या दलदलीत पांढऱ्या कापसाचे गोंडे दिसतात ते. तो कापूस म्हणजे फळाभोवतीचे तेच केस, फक्त खूप लांब वाढलेले.

केरेक्सला सगळे एवढे घाबरतात का?

कारण एकट्या केरेक्समधे साधारण दोन हजार प्रजाती आहेत आणि बऱ्याच एकमेकींसारख्या. पण केरेक्स आहे एवढं ओळखणं सोपंय. त्याचं फळ एका बंद पिशवीत असतं, तिला युट्रिकल म्हणतात, टोकाला बहुतेकदा छोटी चोच आणि त्यातून कुक्षी बाहेर आलेल्या. कुक्षी दोन असतील तर आतलं फळ चपटं, भिंगासारखं, तीन असतील तर तीनधारी. अनेक प्रजातींत वरची कणसं नर आणि खालची मादी अशी वेगळीच असतात.

केरेक्ससाठी पिकलेली पिशवी लागतेच. कोवळ्या पिशवीवरून नाव लावायचा प्रयत्न म्हणजे दिवस फुकट. आणि झाडाचं बूड विसरू नका, तळाच्या गुंडाळ्यांचा रंग लाल आहे का तपकिरी, त्या फाटून जाळी होते का, झुपका आहे का जमिनीखालून धावणारी खोडं आहेत, हे सगळं किल्ल्यांमधे, म्हणजे ओळखायच्या तक्त्यांमधे, विचारलं जातं आणि तेव्हा आपल्या हातात नुसता शेंडा असतो.

शेतातला मोथा नक्की कुठला?

सायपरस रोटंडस की एस्क्युलेंटस हे बघायला उपटू नका, खणा, कारण उपटलं की गाठी जमिनीतच राहतात. रोटंडसमधे गाठी एकामागे एक माळेसारख्या, कणिशिका लालसर-जांभळ्या तपकिरी. एस्क्युलेंटसमधे प्रत्येक धाग्याच्या टोकाला एकच गाठ, कणिशिका पिवळसर. हा फरक कामाचा आहे, कारण माळेतली एक गाठ काढली तरी बाकीच्या फुटतात.

कधी जायचं आणि सोबत काय न्यायचं?

फुलं येऊन गेल्यावर, फळ पिकत आलं पण गळलं नाही अशा वेळी. खवला उचलल्यावर आतलं फळ कडक आणि रंग धरलेलं असलं पाहिजे, हिरवट मऊ असेल तर थोडे आठवडे थांबा.

सामान फार नाही. दहा पट मोठं दाखवणारी लेन्स, ती डोळ्याला चिकटवून धरायची आणि झाड जवळ आणायचं, लेन्स झाडाजवळ नेऊन लांबून बघितलं तर काही दिसत नाही. एक ब्लेड, एक छोटी पट्टी, कागदी पाकिटं, पेन्सिल. पेन्सिलच, कारण पेनाची शाई पाण्याने पसरते. आणि एक लांब काठी, पुढचं पाऊल टाकायच्या आधी चिखलाची खोली बघायला. एकट्याने खोल पाण्यात जाऊ नका, आणि पक्ष्यांची घरटी असण्याच्या दिवसांत दाट बेटांत घुसू नका, काठावरून मिळेल तेवढंच बघा.

फोटो कसे काढू म्हणजे कोणीतरी ओळखून देईल?

एक नको, पाच-सहा काढा. अख्खं झाड आणि ते पाण्यात आहे की काठावर हे दिसेल असा एक. बूड. कापलेला देठ. फुलोरा आणि त्याच्याखालची पानं एकत्र. एक कणिशिका जवळून. आणि तळहातावर किंवा पांढऱ्या कागदावर काढलेलं फळ, शेजारी पट्टी ठेवून. शेवटचा फोटो बहुतेक कोणीच पाठवत नाही आणि नाव बहुतेक वेळा त्याच्यावरच ठरतं.

ॲप सांगतं ते धरायचं का?

टायफा आहे, सायपरस आहे इथपर्यंत बऱ्याचदा बरोबर सांगतं. प्रजातीचं नाव मात्र सूचना म्हणून घ्या, कारण ॲपला जे दिसतं ते फोटोत आहे तेवढंच, आणि फळाची टोपी किंवा कुक्षीची संख्या फोटोत नसेल तर ते कशावरून ठरवणार. नाव घ्या, त्या प्रजातीचं वर्णन उघडा आणि एकेक खूण झाडावर ताडून बघा. एक जरी खूण जुळली नाही तर नाव सोडून द्या.

नमुना वाळवून ठेवायचाय, कसा?

आधी परवानगी, संरक्षित जागेत तर नक्कीच. झाड बुडासकट घ्या, चिखल धुवा, लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एनसारखं दुमडा, वर्तमानपत्रात ठेवून वजनाखाली दाबा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदला नाहीतर बुरशी येते. सुटी फळं वेगळ्या पाकिटात. चिठ्ठीवर जागा, तारीख, पाण्याची खोली आणि शेजारी काय होतं ते लिहा. वाळल्यावर रंग जातो, म्हणून ताज्या झाडाचा खवल्यांचा आणि बुडाचा रंग तिथेच लिहून ठेवा.

यातलं काही खाता येतं का?

काही प्रजातींचे कंद आणि पाणकणसाचे कोवळे कोंब लोक खातात. पण ओळख शंभर टक्के पक्की नसेल तर तोंडात घालू नका, आयरिसची कोवळी पानं पाणकणसासारखीच दिसतात आणि तो विषारी आहे. शिवाय या वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेतात, त्यामुळे सांडपाण्याच्या काठावरचं तर अजिबात नाही.

तळं पाणकणसाने भरलंय, काढून टाकायचं का?

आधी प्रजाती बघा, मग पाणी. पाण्यात खत-सांडपाणी येत असेल तर पाणकणीस जोरात पसरतं, दाट गालिचा होतो आणि बारीक लव्हाळ्यांना उजेड मिळत नाही, मग ते काढलं तरी परत येतं. थोडं कमी करायचं असेल तर देठ पाण्याच्या पातळीखाली कापतात, सुकलेले देठसुद्धा, कारण जमिनीखालच्या खोडाला हवा त्या देठांतूनच मिळते आणि वर पाणी राहिलं तर ते गुदमरतं. पण सरसकट कापू नका. त्या बेटात कोणाचं घर आहे आणि कडेला कुठले छोटे लव्हाळे तग धरून आहेत याची यादी आधी करा, माझा तरी हाच आग्रह असतो.

खूप प्रयत्न करूनही प्रजाती ठरत नाहीये. काय लिहू?

जिथपर्यंत खात्री आहे तिथपर्यंतच लिहा. शोनोप्लेक्टस, प्रजाती अनिश्चित, हे संपूर्ण आणि उपयोगी उत्तर आहे, चुकीच्या नावापेक्षा कितीतरी चांगलं, कारण चुकीचं नाव पुढच्या यादीत जातं, मग त्याच्या पुढच्या, आणि कोणी परत तपासत नाही. फक्त का ठरलं नाही तेही लिहा. माझ्या वहीत अशा नोंदी पानोपानी आहेत: देठ गोल, कप्पे मोठे, कुक्षी वाळून गळलेल्या, मोजता आल्या नाहीत, फुलावर असताना परत यायचं.